साठावी शाळा

एकदा एका राजाला आपल्या राज्यातील शाळांची काळजी वाटू लागली. साठ शाळा राज्याच्या आश्रयाने चालत होत्या, पण मुले तिथून नेमके काय शिकून बाहेर पडतात, हे दरबारात कोणालाच सांगता येत नव्हते. काळजी रास्त होती. अमात्यांनी तिच्यावर उपाय काढला. प्रत्येक शाळेत दहा वर्षांवरील मुलांकडून एक पान वाचून घ्यायचे, तीन गणिते सोडवून घ्यायची आणि गुणांप्रमाणे साठही शाळांची क्रमाने यादी करायची. वरच्या दहा शाळांच्या गुरुजींचा दरबारात सत्कार होणार होता. शेवटची शाळा बंद होणार होती आणि तिच्या गुरुजींना घरी पाठवले जाणार होते.

हे काम नीळकंठ नावाच्या तरुण परीक्षकाकडे आले. तो प्रामाणिक होता. दोन महिने तो गावोगाव फिरला, कोणाच्या घरी जेवला नाही, कोणाची भीड धरली नाही. यादी तयार झाली. पहिली आली नगरातील पेठेची शाळा. साठावी आली नदीपलीकडच्या कोळथर गावची.

रीतीप्रमाणे निकाल सांगायला तो कोळथरला गेला. तिथले तात्याबा गुरुजी साठीला आलेले होते. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारले, “नदीच्या या काठाला दुसरी शाळा नाही. मग ही मुलं कुठं जायची?”

“ते ठरवणं माझ्याकडे नाही,” नीळकंठ म्हणाला.

“मग कोणाकडे आहे?”

नीळकंठ नमस्कार करून होडीकडे वळला. त्या दिवसापासून तो प्रश्न त्याची पाठ सोडीना. यादी दरबारात द्यायला सहा दिवस उरले होते. कुठेतरी बेरीज चुकली असेल या आशेने त्याने सगळे गुण पुन्हा मांडले. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी कोळथर साठावेच आले. चूक सापडली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. अखेर तो आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला. आचार्यांनी चाळीस वर्षे मुलांना शिकवले होते.

“आचार्य, यादी अचूक आहे. मग ती दरबारात द्यायला मन का धजत नाही?”

आचार्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. “उद्या सकाळी पेठेच्या शाळेत जाऊ,” एवढेच ते बोलले.

पेठेची शाळा नीटनेटकी होती. अंगण सारवलेले, मुले रांगेत बसलेली. मुख्य गुरुजी शंभुनाथशास्त्री लगबगीने पुढे आले. “या, या! कोणता पाठ म्हणून दाखवायला सांगू?”

“पाठ नको,” आचार्य म्हणाले. “दोन वर्षांपूर्वीचा हजेरीपट आणा.”

शास्त्रीबुवा गोंधळले, पण हजेरीपट आला. आचार्य अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने एकेक नाव वाचू लागले. नाव घ्यायचे, मग थांबायचे. कोणी “हजर” म्हणाले की पुढचे नाव. कोणी काहीच म्हणाले नाही, तरी ते तितकाच वेळ थांबायचे, जणू ते मूल कोपऱ्यावरून धावत येत असावे. आधी मुले हसली. मग हळूहळू सगळे अंगण शांत झाले. नीळकंठला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आचार्यांना वयाने भ्रम तर झाला नाही ना, अशी शंका त्याच्या मनात आली.

एक्केचाळीस नावे वाचून झाली. सव्वीस जणांनी ओ दिली. पंधरा नावांना कोणीच नव्हते.

“तुळसा, कुंभाराची,” आचार्यांनी एक नाव पुन्हा उच्चारले. “ही कुठे आहे?”

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. “ती आता होडीनं कोळथरला जाते. तिला इथलं जमायचं नाही, असं सांगितलं होतं.”

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. “काहींच्या पालकांनीच त्यांना नेलं,” ते घाईघाईने म्हणाले. मग आवाज खाली आला. “आचार्य, आपल्यापासून काय लपवायचं? यादी होणार हे दीड वर्षं आधी कळलं होतं. माझ्या हाताखाली चार शिक्षक आहेत, त्यांची घरं आहेत. शाळा खाली गेली तर त्यांना काय तोंड दाखवू? जी मुलं मागे होती, त्यांना मी… दार दाखवलं.”

आचार्यांनी त्यांना शब्दानेही दुखावले नाही. ती पंधरा नावे त्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि दोघे होडीने नदी ओलांडून कोळथरला गेले.

तिथे एकाच खोलीत अठ्ठावन्न मुले आणि एकटे तात्याबा. आचार्यांनी पंधरा नावे वाचली. नऊ मुलांनी हात वर केले. उरलेल्या सहांपैकी कोणीच तिथे नव्हते. एक मुलगी, धुरपा, रंगाऱ्याकडे कापड बुडवायच्या कामाला लागली आहे, एवढे तुळसाला माहीत होते. बाकीच्यांचे कोणालाच काही ठाऊक नव्हते. दोन महिने तो राज्यातले एकेक मूल मोजत फिरला होता, आणि ही सहा मुले साठ शाळांपैकी एकीच्याही आकड्यात नव्हती.

आचार्यांनी तुळसाला पान दिले. ती शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. चार ओळी झाल्या, बराच वेळ गेला, पण एकही शब्द चुकला नाही.

“आली तेव्हा किती वाचत होती?” आचार्यांनी विचारले.

“अक्षरओळखही नव्हती,” तात्याबा म्हणाले. “परीक्षेत पान पुरं झालं नाही, म्हणून शून्य मिळालं.”

नीळकंठने मान खाली घातली. ते शून्य त्यानेच लिहिले होते.

मग आचार्यांनी थोरल्या मुलांना गुणाकार घातले. बहुतेकांचे चुकले. “हे मात्र कच्चं आहे, तात्याबा.”

“आहे,” तात्याबा म्हणाले. “दुसरा शिक्षक द्या म्हणून तीनदा दरबाराला लिहिलं, उत्तर आलं नाही. पण सगळा दोष त्यावर टाकत नाही. गेल्या वर्षी मी थकलो. लहानांना घेऊन बसलो आणि थोरल्यांना सोडून दिलं. तो दोष माझा.”

परतीच्या होडीत नीळकंठने यादी बाहेर काढली. मग म्हणाला, “ही यादी नदीत टाकतो.”

“टाकू नकोस,” आचार्य म्हणाले. “यादी बुडाली की शंभुनाथही सुटेल, तात्याबाही सुटेल आणि दरबारही. शाळेला जाब विचारायलाच हवा, मुलांचं आयुष्य आहे ते. पण मूल कुठे पोहोचलं हे विचारताना ते कुठून निघालं हेही विचारावं लागतं. आपल्या प्रश्नाच्या धाकाने कोणाला दाराबाहेर काढलं गेलं, हे शोधावं लागतं. आणि तीन पत्रांना उत्तर न देणाऱ्यालाही त्याच यादीत जागा द्यावी लागते. तू खोटं मोजलं नाहीस, नीळकंठ. तू अर्धं मोजलंस. उरलेलं मोज.”

चार दिवस उरले होते. तेवढ्या वेळात अकरा शाळांचेच जुने हजेरीपट पाहून झाले. चार शाळांत गळालेली नावे सापडली. सहाव्या दिवशी नीळकंठ जुन्या यादीसोबत ती नावे आणि तात्याबांच्या पत्रांच्या नकला घेऊन दरबारात उभा राहिला.

अमात्य संतापले. “तुला शाळांची यादी करायला सांगितली होती. आमची चौकशी करायला नाही!”

राजाने मात्र ते कागद बराच वेळ पाहिले. “पेठेतून गेलेली ही सहा मुलं आज कुठे आहेत?”

“एकीचा पत्ता लागला आहे, महाराज. पाच जणांचा अजून नाही.”

मग राजाने निकाल दिला. कोळथरची शाळा एक वर्षापुरती वाचली. घालवलेली मुले शोधून परत आणण्याची आज्ञा शंभुनाथशास्त्रींना झाली. अमात्यांनी नीळकंठकडून परीक्षकाचे काम काढून घेतले आणि कोळथरला दुसरा शिक्षक हवाच आहे, तर यालाच पाठवा, असे सुचवले. शिक्षा म्हणून दिलेली ती नेमणूक नीळकंठने मुकाट्याने स्वीकारली.

वर्ष सरले. नवा परीक्षक येण्याचा दिवस उगवला. गुणाकार आता बऱ्याच जणांना येत होते. तात्याबा मुलांना रांगेत बसवत होते. इतक्यात धुरपा आली. रंगाऱ्याला विनवून दोन महिन्यांपूर्वीच नीळकंठने तिला शाळेत आणले होते. बोटे अजून निळी होती आणि वाचन जेमतेम दोन शब्दांचे. तिला दारात पाहताच नीळकंठच्या मनात हिशेब सुरू झाला. एका शून्याने शाळा पुन्हा तळाला गेली असती, आणि या वेळी वर्षाची सवलतही नव्हती. ‘आज नाही आलीस तरी चालेल, पोरी’, हे शब्द त्याच्या ओठांवर आले.

तो तसाच उभा राहिला. पेठेच्या शाळेतले शंभुनाथशास्त्री त्याला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळले. दुष्टपणा नेहमी उघड रूपात येतो असे नाही, तो भीतीच्या वेशात येतो, आणि तोही अगदी समजूतदार आवाजात.

“ये धुरपा,” तो म्हणाला. “पुढे बस.”

परीक्षकाने पान तिच्यापुढे ठेवले. तिने दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर अडखळली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. परीक्षकाची लेखणी कागदावर चालत होती. तो काय लिहितो आहे ते नीळकंठने पाहिले नाही. तो धुरपाच्या बोटाकडे पाहत होता. ते बोट तिसऱ्या शब्दावरून पुढे सरकले होते.

आपणही कोणाचे मोजमाप करायला बसलो, तर आपल्या धाकाने त्या दिवशी कोण आलेच नाही, एवढे आधी विचारावे.