न म्हटलेलं आमेन

"पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या तोंडाचीच प्रार्थना देवापर्यंत पोहोचते, बाकीच्यांनी गप्प बसावं!" सांगवीच्या ख्रिस्ती मंडळीतला हा नियम सुवार्ताला पाळण्यातच ऐकवला होता. का, असं विचारायचं नाही, हेही त्यातच आलं.

आणि शनिवारी तिनं तोच मोडला! विधवा राहेलबाई शेवटच्या घटका मोजत होती. पाळकसाहेबांना तीनदा निरोप गेला. पण दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब यायचे होते, बंगल्यावर कोंबड्या सोलणं चाललं होतं. पाळकसाहेबांना मसाल्यातून सवड कुठली? शेवटी सुवार्तानंच म्हातारीचा हात धरून प्रार्थना केली. म्हातारी शांतपणे गेली.

"ही प्रार्थना धरायची नाही," पाळकसाहेबांनी ठणकावलं. "म्हातारी प्रार्थनेविनाच गेली. कबर कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर खणा."

"तिचा नवरा आत निजलाय, पाळकसाहेब!"

पंच दाविदराव खेकसले, "चार बुकं शिकलीस म्हणून वडीलधाऱ्यांना शिकवतेस?"

"शिकवू दे की!" पाळकसाहेब हसले. "तुम्हा लोकांच्या तोंडावाचून माझी प्रार्थना अडते, हे उद्या चर्चमध्ये सिद्ध कर. मग कबर आत. पण तू तोंड उघडायचं नाहीस!"

पंच पोट धरून हसले.

"कबूल," म्हणत सुवार्ता तडक नळावरच्या बायकांकडे गेली. रात्री घरोघरी, पंचांच्याही घरात, कुजबूज चालली.

रविवारी बिशपसाहेब पहिल्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी डोळे मिटून अर्धा तास खणखणीत प्रार्थना केली आणि ते थांबले.

चिडीचूप!

"...आमेन?"

दाविदरावांचं एकट्याचं किरटं आमेन आलं आणि लाजून विरलं. आता मंडळीनं आमेन म्हटल्याशिवाय प्रार्थना संपेना, आणि ती संपल्याशिवाय डोळे उघडता येईनात! पाळकसाहेब मिटल्या डोळ्यांनी घामाघूम.

बिशपसाहेबांनी हळूच एक डोळा उघडला. "हा काय प्रकार?"

तसे बाकीच्यांचेही डोळे उघडून सुवार्ताकडे वळले. तिनं ओठांवर बोट ठेवून पाळकसाहेबांकडे खूण केली.

"बोल पोरी, माझी परवानगी आहे," बिशपसाहेब म्हणाले.

"साहेब, आमची तोंडं देवापर्यंत पोहोचत नाहीत म्हणे. मग आमचं आमेन यांना कशाला हवं? आणि ते पोहोचत असेल, तर मरताना राहेलबाईच्या उशाशी मी केलेली प्रार्थनाही पोहोचली! मग तिची कबर कुंपणाबाहेर का?"

"आधी माफी माग!" दाविदराव गरजले.

"नाही मागणार! आणि कबर आत खणेपर्यंत आमेनही म्हणणार नाही. पण दाविदकाका, तुमची दीक्षा कधी झाली हो? मघाशी कुठल्या तोंडानं आमेन म्हणालात?"

दाविदराव खाली बसले. बाकीचे पंच आपापल्या चपला न्याहाळू लागले.

बिशपसाहेब इतके हसले, की त्यांचा चष्मा घसरला. "कुदळी कुंपणाच्या आत न्या रे! आणि कबरेवरची प्रार्थना ही पोरगी करील. पाळकसाहेब, डोळे उघडा. तुम्ही फक्त आमेन म्हणायचं!"