कातळ लागला!

नदीकाठच्या एका गावात भुजंगा नावाचा एक माणूस भुई पारखायचा. कोणी घर बांधायला काढलं, की पाया खणण्याआधी त्याला बोलावणं जायचं. तो अंगठ्याएवढी जाड लोखंडी सळई जमिनीवर उभी धरायचा. तिच्या वरच्या टोकाला बसवलेल्या कड्यावर जड ठोकळा एकाच उंचीवरून सोडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. सळई वीतभर आत जायला किती ठोके लागले, ते मोजायचा. पाच-सात ठोक्यांत गेली तर भुई पोकळ, चाळीस-पन्नास लागले तर घट्ट. आणि हे एका जागी करून तो थांबायचा नाही. चारही कोपऱ्यांत करायचा. त्याचा बाप सांगून गेला होता, "एका जागेची भुई खोटं बोलते रे, चार जागांची बोलत नाही."

भुजंगा खरं तेच सांगायचा, आणि तिथंच त्याचं चुकत होतं म्हणा ना! कोणाला म्हणायचा, इथं नको, वीस पावलं मागं सरका. कोणाला म्हणायचा, कंबरभर नाही, पुरुषभर खणा. त्याचं ऐकून बांधलेली घरं ताठ उभी होती. पण उभ्या घराबद्दल आजवर कोणी कोणाचे पाय धरलेत? लोकांना आठवायचा तो फक्त त्याचा नकार. सकाळी तो समोर आला की बाया पदर तोंडाला लावायच्या. "आला पनवती भुजंग्या!" लग्नाच्या पंगतीत त्याचं पान शेवटच्या रांगेत, चपलांजवळ. वीस वर्षं त्यानं हे गिळलं होतं.

एका साली गावानं बियाण्यासाठी दगडी कोठार बांधायचं ठरवलं. पाटलांनी जागा ठरवली, मुहूर्त काढला, वाजंत्री बोलावली, आणि मग सगळ्यात शेवटी त्यांना भुईची आठवण झाली. भुजंगा सळई घेऊन आला. भोवती सारा गाव गोळा झाला.

पहिल्या कोपऱ्यात पहिली वीत सहा ठोक्यांत गेली. दुसरी पाचात. तिसरी सातात. लोकांचे चेहरे उतरले. पाटील दातओठ खात म्हणाले, "भुजंग्या, आज तरी तोंडातून शुभ काढ."

चौथ्या वितीला सळई अडली. दहा ठोके, वीस ठोके, पन्नास ठोके, बोटभरही हलेना. कोणीतरी ओरडलं, "कातळ लागला!" झालं! ढोल वाजले, गुलाल उडाला, पाटलांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा भुजंगाच्या डोक्यावर ठेवला. "भुजंगराव, गावाचं नाव राखलंत!"

भुजंगराव! जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी राव म्हटलं होतं. पण त्याच्या हातांना कळलं होतं. कातळावर सळई खुंटासारखी उभी राहते. इथं ती प्रत्येक ठोक्याला जराशी डुलत होती. हा कातळ नव्हे, कधीकाळी पुरानं आणून टाकलेला धोंडा. त्याच्याखाली पुन्हा चिखल. चार हात बाजूला सरकून ठोकलं असतं, तर घटकाभरात सारं उघडं पडलं असतं.

एवढ्या गलक्यात एकटा हैबती गवंडी जवळ आला. कोठार तोच बांधणार होता. तो हळूच म्हणाला, "दादा, अजून तीन कोपरे राहिलेत ना? मी पाया तुमच्या शब्दावर घालतो."

भुजंगानं गुलालानं माखलेल्या लोकांकडे पाहिलं. आता सळई पुन्हा उचलली, की राव गेला आणि पनवती आली. तो म्हणाला, "कातळच आहे. घाल पाया."

खाली कातळ आहे या भरवशावर हैबतीनं फार खोल न खणता पाया घातला. चुना चांगला मळला, दगड दगडाला घट्ट बसवला, आठ महिने राबून कोठार उभं केलं. भुजंगाला पंगतीत पाटलांशेजारी पाट मिळू लागला.

दुसऱ्या पावसाळ्यात कोठाराचा एक कोपरा धोंड्यावर टेकून राहिला आणि बाकीचे तीन खाली बसले. मधली भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. तिसऱ्या दिवशी ती कोसळली. धोंडू राखणदार तिच्याखाली सापडला, जागीच गेला. साऱ्या गावाचं बियाणं चिखलात कुजलं.

चावडीवर गाव जमला. पाटील म्हणाले, "कातळावरचा पाया खचेलच कसा? या हैबत्यानं चुन्यात माती कालवली!"

हैबतीनं बाजू मांडली नाही. त्यानं फक्त भुजंगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही सांगा."

दादा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. संध्याकाळच्या आत हैबती, त्याची बायको आणि दोन लेकरं गावाबाहेर निघाली. त्यांच्या पाठीवर लोकांनी शेण फेकलं.

त्यानंतर मात्र भुजंगाला घरात बसवेना. चौथ्या दिवशी त्यानं सळई उचलली आणि भरदिवसा, सगळ्यांना बोलावून, पडक्या कोठाराच्या खचलेल्या तिन्ही कोपऱ्यांत ठोकली. पाच ठोके, चार ठोके, सहा ठोके. सळई भसाभस आत गेली. तो रडत म्हणाला, "बघा! कातळ नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोललो. हैबतीचा काही दोष नाही हो!"

मग एक म्हातारा म्हणाला, "भिंत पडली, पाणी मुरलं, भुई ढिली झाली. आता सळई जाणारच." दुसरा म्हणाला, "काय मन आहे भुजंगरावांचं! चोराचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेताहेत." पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "जागा मी ठरवली होती. कातळ होता म्हणजे होता. घरी जा."

भुजंगा घरी गेला नाही. गावोगाव विचारत त्यानं हैबतीला शोधून काढलं. माती कालवणारा गवंडी म्हणून त्याच्या हातात आता कोणी थापी देत नव्हतं. तो एका रस्त्यावर खडी फोडत बसला होता. भुजंगानं त्याचे पाय धरले. "हैबती, मी खोटं बोललो होतो रे."

"ते मला चावडीवरच कळलं, दादा. हे गावाला सांगा."

"सांगितलं. कोणी मानायला तयार नाही."

हैबतीनं आपले पाय सोडवून घेतले. "मग मी काय करू?" एवढं म्हणून त्यानं पुढचा दगड ओढला आणि हातोडा उचलला.

तात्पर्य: मानासाठी जो ऐन वेळी खरं गिळतो, त्याचं उशिराचं खरं कोणाच्याच उपयोगी पडत नाही, आणि त्याच्या खोट्याची शिक्षा भोगतो तो त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा.