तीन नवरे, एक बायको

"मग माझं चुकतंय तरी कुठे?" लेन्काने विचारलं. विचारलं कसलं, ओरडलीच ती!

योस्ट मास्तर बटाटे सोलत होते. एके काळचे मोठे नट. लेन्काला डोंगरातल्या खेड्यातून आणून रंगमंचावर उभं केलं ते त्यांनीच.

बोलपट नवे होते तेव्हाची ही गोष्ट. डबिंग धड जमत नसे. म्हणून युरोपात एकच सिनेमा तीन भाषांत तीनदा काढायचे. सेट तोच, दार तेच, नवरा मात्र दर वेळी वेगळा. सकाळी जर्मन, दुपारी फ्रेंच, संध्याकाळी इटालियन. बायको तिन्ही वेळा आपली लेन्काच. पोरगी हुशार होती हो! अन् तोराही तेवढाच.

"माझं एक अक्षर चुकत नाही. तरी दिग्दर्शक म्हणतो, उद्या हा प्रसंग जमला नाही तर तुला काढून तीन नट्या आणीन. मी हा सिनेमा सोडणार नाही, मास्तर. काय वाट्टेल ते झालं तरी!"

"प्रसंग काय?"

"नवरा येऊन सांगतो, आपला मुलगा गेला."

"दुपारचा नवरा हे सांगताना कुठे बघतो गं?"

"कुठे म्हणजे?"

"बोल की."

"त्याचं शेवटचं वाक्य कधी संपतंय, याची मी वाट बघत असते," ती खाल मानेने म्हणाली. "संपलं की माझं सुरू."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मग तिच्याकडे वळून स्वतःच्या गावच्या बोलीत काहीतरी बोलले.

"मला ही भाषा येत नाही."

ते पुन्हा तेच बोलले. सावकाश.

लेन्का मनातून चडफडली. काय छळतोय हा म्हातारा! पण हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. शब्द कळत नव्हते, तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

मास्तरांची हनुवटी थरथरत होती. ओले हात मांडीवर तसेच पडले होते. दाराकडे एकदा बघून त्यांनी नजर पटकन वळवली.

लेन्का खुर्चीवरून उठली, त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि ते ओले हात तिने घट्ट धरले.

"कोण गेलं, मास्तर?"

मास्तरांनी आपले हात हळूच सोडवून घेतले.

"हं," मास्तर म्हणाले. "आता म्हण तुझं वाक्य."