जांभळाखालचा राजवाडा

“खंड्याला राजवाड्याबाहेर काढायचं नाही आणि उंबरठ्याच्या आतही घ्यायचं नाही! माझे दोन्ही शब्द पाळले गेले पाहिजेत. दिवेलागणीपर्यंत तोड काढा, नाहीतर कुत्रा नदीपलीकडच्या रानात सोडला जाईल!”

राजा उदयभान भर दरबारात गरजला.

पहिला शब्द त्याने राणीला दिला होता, तिच्या शेवटच्या दुखण्यात. खंड्या तिचा कुत्रा. दुसरा शब्द राजगुरूंनी पदरात पाडून घेतला, कारण खंड्याने त्यांच्या सोवळ्याला नाक लावलं होतं.

राणी गेल्यापासून राजा दालनातून दरबारात जाई आणि दरबारातून दालनात येई. अंगणात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या जांभळाखाली राणी बसायची. आता खंड्या एकटाच बसे; पण अंगण उंबरठ्याच्या बाहेर, म्हणून ते राजवाड्यात धरलं जात नसे.

“सोपं आहे! उंबरठ्यावरच बांधू,” दिवाणजी म्हणाले. बांधला. दिवाणजी ऐटीत बाहेर निघाले आणि त्यालाच अडखळून पालथे पडले.

“खिडकीला टोपली टांगू, त्यात बसवू!” सेनापती म्हणाले. टांगली. खंड्याने बाहेर उडी घेतली आणि टोपली सेनापतींच्या डोक्यावर बसली.

“एका कुत्र्याला जागा देता येईना, आणि म्हणे राज्य चालवतात!” दारातून आवाज आला.

ती सगुणा होती, मुदपाकखान्यात भाकऱ्या थापणारी. खंड्या खाई तो तिच्याच हातचा तुकडा.

“तुला येते तोड?” राजाने विचारलं.

“येते, महाराज. आधी गुरुजींना एक विचारू का?”

“विचार.”

“गुरुजी, महाराज शिकारीला गेले होते, तेव्हा राजवाड्यातली पूजा तुम्ही रानात, तंबूत केलीत. देवाला चालली?”

राजगुरू नाक मुरडून म्हणाले, “अडाणी पोर! महाराज बसतात तोच राजवाडा. मग तो तंबू असो की झाडाखालचा दगड! शास्त्रच आहे तसं.”

“पक्कं ना?”

“त्रिवार पक्कं!”

सगुणा नोकरांकडे वळली. “ऐकलंत ना? महाराजांचा पलंग उचला. जांभळाखाली ठेवा!”

राजा उंबरठ्यापाशी थबकला. जांभळाकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मग खाली उतरला आणि पलंगावर जाऊन बसला. खंड्याने मुकाट्याने त्याच्या पावलावर हनुवटी टेकली.

“घ्या! कुत्रा उंबरठ्याच्या आत नाही आणि राजवाड्याच्या बाहेरही नाही,” सगुणा म्हणाली. “दोन्ही शब्द पाळले. शास्त्र गुरुजींचं!”

“पण महाराजांनी रात्रंदिवस अंगणात राहायचं?” राजगुरू ओरडले.

“एकट्यांनी कशाला? राजवाडा इथे आला, तर राजगुरूंचा पाटही इथेच येणार. राजवाडा सोडून तुम्ही जाल कुठे?”

नेमकं तेव्हाच फांदीवरच्या कावळ्याने राजगुरूंच्या सोवळ्यावर आपलं मत टाकलं!

“शिव शिव! महाराज, तुमचा शब्द मी परत देतो! कुत्रा आत येऊ द्या, माझ्या पाटावर बसू द्या, पण मला इथे बसवू नका!”

राजा हसला. राणी गेल्यानंतर पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाला दिलं.

“मग पलंग आत न्यायचा ना, महाराज?” राजगुरूंनी घाईघाईने विचारलं.

खंड्याच्या पाठीवर हात ठेवून राजा म्हणाला, “तुम्ही खुशाल आत जा, गुरुजी. राजवाडा आज इथेच राहील!”