म्हाळूचा उतार

फार वर्षांमागं, राज्य एकच होतं पण गादीवर दोघे चुलतभाऊ हक्क सांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडचं उंबरओहोळ एकाच्या बाजूला गेलं, पलीकडची सारोळी दुसऱ्याच्या. कोण कशापायी भांडतंय हे दोन्ही गावांत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, तरी दोन्ही काठांवर फौजा येऊन बसल्या.

उंबरओहोळच्या म्हाळूला गोफण चालवायला म्हणून फौजेत ओढलं. ज्वारीच्या माळ्यावरून उडतं पाखरू पाडणारा हात त्याचा. असं म्हणतात, त्याचा नेम जन्मात चुकला नव्हता. पण धाकटी बहीण तानू सारोळीला दिलेली, आणि तिचा नवरा सटवा समोरच्या फौजेत. दोन्हीकडं तीच मुंडाशी, तीच घोंगडी. त्यातला सटवा कोणता, हे म्हाळूला लांबून ओळखू येईना.

मग त्याचा नेम चुकू लागला. सकाळपासून गोटे भिरकावायचा, आणि सगळे नदीच्या मधोमध पडायचे. दुपारी बाया पाण्याला आल्या की लढाई थांबे. तेवढी रीत दोन्ही फौजांनी पाळली होती. तानू पलीकडून वाढता ढीग बघायची आणि घागर भरायची. तिला कळलं होतं. म्हाळूच्या हवालदारालाही कळेल, या भीतीनं ती पुन्हा तिकडं न बघता घराकडं वळायची.

बाराव्या दिवशी कळलंच. लढाई थांबायची वाट बघत बाया घागरी घेऊन दोन्ही काठांवर खोळंबल्या होत्या. पलीकडं एक जण ओणवा होऊन पाणी पीत होता, तोंड दिसत नव्हतं.

"त्याला पाड," हवालदार म्हणाला. "चुकलास तर तुझा अंगठा ऱ्हायचा न्हाई."

म्हाळूनं गोफण फिरवली. गोटा ढिगावर पडला आणि, असं म्हणतात, त्यासरशी ढीग या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर आला, नदीला पायी ओलांडायचा उतार झाला. तानू त्यावर येऊन उभी राहिली, मागोमाग दोन्ही गावच्या बाया. त्यांच्यावर गोटा टाकायला कुणाचा हात उठेना. दोन्ही फौजा तळ हलवून गेल्या. जाताना हवालदारानं म्हाळूचा अंगठा मात्र घेतला.

तानू चिंधी बांधता बांधता रडत होती. "दादा, त्ये पाणी पिणारं आमचं नव्हतंच रं. आमचं तापानं घरात पडल्यात."

"मग दुसऱ्या कुण्या तानूचं असंल," म्हाळू म्हणाला.

अजूनही ज्वारी खळ्यावर आली की दोन्ही गावं काठाला जमतात. घरटी एक जण अंगठा दुमडून, चार बोटांत गोफण धरून गोटा टाकतो. तो उतारावरच पडायला हवा. पलीकडं गेला, तर टाकणाऱ्यानं पलीकडच्यांना घरी आणून जेवू घालायचं. दर पुरात उतार थोडा खचतो. तो भरायला दुसरीकडून दगड आणावा लागलेला नाही.