बिनधुराची जागा

उंच डोंगराच्या माथ्यावर गारठाण नावाचं एक शहर होतं, आणि त्या शहरात सुभानबा नावाचा एक दवंडीवाला राहत होता. शहरात वर्षाचे सात-आठ महिने थंडी असे. थंडी म्हणजे साधीसुधी नव्हे. तूप विळीवर कापून वाढावं लागे. सकाळी घागरीतलं पाणी आधी फोडायचं आणि मग प्यायचं.

तरी गारठाणच्या लोकांचं बरं चाललं होतं, कारण त्यांची एक रीत होती. नवरात्र उठलं की चौकाचौकात शेकोटी पेटे, ती वैशाखातच विझे. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक काटकी आणायची, शेकोटीत टाकायची आणि शेकायला बसायचं. ज्या बाजूला धूर येत नाही तिथे एक सपाट दगड मांडलेला असे. ती जागा पाहुण्याची. वारा फिरला की लोक उठून दगडही फिरवत. स्वतः धुरात डोळे चोळत बसत, पण पाहुणा नसला तरी त्या दगडावर कोणी बसत नसे.

पुढे पुढे शहर रिकामं होऊ लागलं. तरणीताठी माणसं खालच्या उबदार मुलखात गेली. शिंपी गेला, न्हावी गेला. माघात म्हातारी सुईण वारली आणि तिच्या जागी दुसरी मिळेना. खालून कोणी वर यायला तयार नव्हतं. खालच्या मुलखात आया रडणाऱ्या पोरांना म्हणत, "गप बस, नाहीतर गारठाणला पाठवीन."

हे नगरशेठ दामाशेटच्या कानावर आलं. दामाशेट वाईट माणूस नव्हता. शहरावर त्याचा जीव होता. पण विचार करायला बसला की तो फार विचार करी. त्याने लोकांना बोलावून सांगितलं, "आपल्या शहरात काही खोट नाही. खोट आहे ती नावात. नाव सुधारलं की माणसं येतील."

मग हुकूम सुटले. थंडी हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही. घोंगडी घरात पांघरायची, रस्त्यावर नाही. आणि यंदा शेकोट्या पेटवायच्या नाहीत, कारण शेकोटी दिसली की नव्या माणसाला थंडी आठवणार. चौकातले दगड उचलून देवळामागे टाकले गेले. वेशीच्या भिंतीवर फळांनी लदलेला आंबा रंगवायचं ठरलं. रंगाऱ्याने जन्मात आंब्याचं झाड पाहिलं नव्हतं, त्याने सगळे आंबे बुंध्याला चिकटवले.

शेवटी सुभानबाला बोलावणं आलं. "खाली जा आणि दवंडी दे," दामाशेट म्हणाला, "गारठाणात बारा महिने वसंत असतो."

 सुभानबाची हलगी आजोबांपासून चालत आलेली होती. तीन पिढ्यांत तिच्यावर खोटं वाजलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती म्हणा.

दामाशेटने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या तुळसेला दिवस गेलेत ना? पौषात सुईण कुठून आणशील?"

 तुळसा सुभानबाची एकुलती एक लेक. तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. सुईण होती तरी गेली होती. आता तर सुईणही नव्हती. त्याने हलगी गळ्यात अडकवली आणि डोंगर उतरला.

खालच्या बाजारगावात साळूबाई नावाची सुईण होती. तिच्या हाताला यश होतं, पण नवरा वारल्यापासून तिचं त्या गावात मन रमत नव्हतं. दवंडी ऐकून ती पुढे आली आणि म्हणाली, "तिकडं थंडी लई असती म्हणं?"

"छे छे! बारा महिने वसंत हाय," सुभानबा म्हणाला.

"मग फेट्याखाली ही कानटोपी कशाला?"

सुभानबाचा हात कानाकडे गेला. चाळीस वर्षं घातलेली कानटोपी काढायची तो विसरला होता. "सवय," तो म्हणाला. त्या दिवशी तो एवढं एकच खरं बोलला.

साळूबाई आली. तिच्याबरोबर दहा कुटुंबं आली. वेशीवरचा आंबा पाहून सगळी पोट धरून हसली आणि हसतच आत शिरली. पावसाळा बरा गेला. साळूबाईने तुळसेच्या पोटावरून हात फिरवून सांगितलं, "काळजी नको, सगळं सरळ हाय." सुभानबाला हायसं वाटलं. एक खोटं बोलल्याने एवढं चांगलं होत असेल तर बिघडलं कुठे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग नवरात्र उठलं आणि थंडी आली. ती काही दामाशेटला विचारून येत नव्हती.

गारठाणची माणसं हुकमाप्रमाणे पातळ कपड्यांत रस्त्यावर फिरू लागली. दात वाजत असायचे, ओठ काळेनिळे पडलेले असायचे आणि समोर नवा माणूस दिसला की म्हणायचे, "आज जरा उकडतंयच, नाही का?" नव्या माणसांना वाटलं, यांना काही होत नाही, आपल्यालाच काही रोग जडलाय. अंथरुणाखाली पेंढा घालायचा, दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचं, झोपताना तळपायांना तेल चोळायचं, हे गारठाणात शेंबडं पोरही जाणत होतं. पण नव्यांना ते कोणी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे थंडी आहे हे कबूल करायचं.

साळूबाईची बोटं फुटली. पुढे ती बधिर होऊ लागली. सुईणीचं सगळं बळ तिच्या बोटांत. घाबरून ती शेजारणीकडे गेली. "बाई, थंडीनं हात चालंनात. काय लावू?" शेजारीण मायाळू होती. पण नाक्यावर दामाशेटचा शिपाई उभा होता. ती खाली मान घालून म्हणाली, "कसली थंडी? आमच्याकडं थंडी नसती."

दुसऱ्या दिवशी साळूबाईने गाठोडं बांधलं. ती दहा कुटुंबंही निघाली. सुभानबा धावत वेशीपर्यंत गेला आणि तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

साळूबाई म्हणाली, "दादा, थंडी सोसली असती मी. पण माझं दात वाजत्यात आन् समोरचा म्हणतो थंडीच न्हाई. असल्या गावात बाळंतीण वरडली तर तिलाबी म्हणाल, कळा न्हाईतच." एवढं बोलून ती उतरणीला लागली.

आता खालच्या मुलखात गारठाणचं नाव दुप्पट खराब झालं. आधी नुसतं थंड होतं, आता थंड आणि खोटं झालं. दामाशेटने पुन्हा बसून विचार केला. "दवंडी कमी पडली," तो सुभानबाला म्हणाला. "आता सांग, गारठाणात मार्गशीर्षात आंबे पिकतात."

तुळसेचे दिवस भरत आले होते. आठ-दहा दिवस उरले असतील नसतील. सुभानबा हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. हलगी घेऊन तो खाली गेला. बाजारगावात चार माणसं जमेपर्यंत हलगी वाजवली आणि मग बोलू लागला.

"ऐका हो ऐका! गारठाणात आठ महिने थंडी असती. तूप विळीवर कापावं लागतं. मागच्या टायमाला म्या खोटं सांगितलं. आमच्या चौकात शेकोटी असायची आन् बिनधुराची जागा पाहुण्याची असायची. तुमाला थंडी कळू नये म्हणून आमी ती पेटवलीच न्हाई. ऐका हो ऐका!"

लोक खो-खो हसले. "हा आता नवा डाव," कोणी म्हणालं. एकेक करून सगळे पांगले. साळूबाई तेवढी उभी राहिली. तिच्या बोटांना अजून चिंध्या बांधलेल्या होत्या.

"ती शेकोटी आता पेटलीया का?" तिने विचारलं.

सुभानबाला लेक दिसू लागली. हो म्हटलं असतं तर साळूबाई तिथूनच त्याच्याबरोबर निघाली असती, हे त्याला कळत होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि वर पोचल्यावर शेकोटी पेटवायला कितीसा वेळ लागतो! त्याचे ओठ हलले. पण मान आडवी हलली.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई पेटली. जाऊन पेटवतो."

साळूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आधी पेटवा तर खरं," ती म्हणाली. "इथनं माथा दिसतो. धूर दिसला तर बघू." आणि ती घरात निघून गेली.

सुभानबा रिकाम्या हाताने परतला. वाटभर त्याला स्वतःचा राग येत होता. खरं बोलून हाती काय आलं, तर एक बंद दार. पण बोललो तेवढं तरी करावं म्हणून तो घरी न जाता देवळामागे गेला, एक सपाट दगड पाठीवर घातला आणि भर दुपारी चौकात आणून ठेवला. काटक्या रचल्या आणि पेटवल्या. स्वतः धुराच्या बाजूला बसला.

पहिल्या दिवशी तो एकटाच होता. लोक लांबून बघत आणि शिपायाकडे पाहून पुढे जात. दुसऱ्या दिवशी ती मायाळू शेजारीण आली. पदराखालून एक काटकी काढली, आत टाकली आणि सुभानबाजवळ बसून रडू लागली. "तिनं मला विचारलं होतं हो," ती म्हणाली, "आन् म्या न्हाई म्हणलं." तिच्यामागून आणखी दोघं आली, मग दहा आली. शिपायाने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही काटकी शोधायला गेला.

तिसऱ्या दिवशी दामाशेट स्वतः आला. अंगात मलमलीचा सदरा होता आणि ओठ निळे पडले होते. "कोणी पेटवली ही?" तो ओरडला. "विझवा आधी!"

सुभानबा उठून उभा राहिला. "शेट, विझवतो. पण चार दिसांनी माझ्या लेकीला कळा सुरू होतील. तिला काय सांगू? कळा न्हाईतच म्हणून सांगू?"

 दामाशेटचे दात फार वाजत होते. तो शिपायाला म्हणाला, "जा, घरून एक ओंडका घेऊन ये." त्यावर एक म्हातारी म्हणाली, "असं न्हाई चालत शेट. ज्यानं त्यानं स्वतः आणायचं असतं." दामाशेट मुकाट्याने घरी गेला. परत आला तेव्हा खांद्यावर ओंडका होता आणि अंगावर जाडजूड घोंगडी. लोकांनी सरकून त्याला जागा दिली. अर्थातच धुरात.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. सगळ्या चौकांतून धूर निघत होता, पण वाटेवर कोणी दिसत नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी तुळसेला कळा सुरू झाल्या. बायका घरात जमल्या, आणि सुभानबा चौकात येऊन रिकाम्या दगडाकडे बघत बसला. आपण तेव्हा हो म्हणायला हवं होतं, असं त्याला शंभरदा वाटलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा वेशीतून एक बाई आत आली. डोक्याला कानटोपी, अंगावर घोंगडी, पाठीवर दोन गोधड्या. हातात वाटेत तोडलेली एक काटकी होती. तिने काटकी शेकोटीत टाकली. माणसांनी वाट करून दिली. साळूबाई दगडावर बसली आणि दोन्ही हात विस्तवापुढे धरून बोटं उघडमीट करू लागली.  बोटं नीट चालायला लागली तशी ती उठली.

"चला दादा," ती म्हणाली. "लेक कुठं हाय?"

दिवस मावळायच्या आत सुभानबाला नात झाली. तुळसाही सुखरूप होती. त्या दिवशी सुभानबा चौकात मोठ्याने रडला, आणि धुरामुळे रडतोय असं त्याने कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा दवंडी द्यायला गेला. थंडी किती, ते आधी सांगितलं आणि शेकोटीचं नंतर. या वेळी दहा कुटुंबं आली नाहीत, चारच आली. येताना ती घोंगड्या घेऊन आली आणि कायमची राहिली. वेशीवरचा आंबा मात्र दामाशेटने पुसू दिला नाही. त्याखाली एक ओळ लिहून घेतली: "हे झाड आमच्याकडे होत नाही."

तात्पर्य: आपली उणीव लपवायला गेलं की तिच्यावरचा आपला उपायही लपतो, उणीव आधी सांगणाऱ्याच्याच दारी माणसं टिकतात.