अर्ध्या वाटेवरचा धोंडा

सारवटचा डोंगर चढताना मधल्या वळणावर एक काळा धोंडा आडवा पडलेला आहे. त्याच्यावरची मुद्रा आता बोटांनी चाचपली तरच लागते. वर शिखरावर एक रिकामा चौथरा आहे. पाहुण्यांना वाटतं, धोंडा तिथूनच घरंगळत आला असावा. वाट दाखवणारे हसुरामकाका म्हात्रे मान हलवतात. "वरून नाही आला. तो वर गेलाच नाही."

या खाडीवर पुष्कळांनी राज्य केलं. आधी सुलतान, मग फिरंगी, मग हबशी, मग पेशवे. राज्य बदललं, की आधीच्यांचा धोंडा शिखरावरून उतरवून खाडीत लोटायचा आणि नव्यांच्या मुद्रेचा वर नेऊन उभा करायचा, असा रिवाज होता म्हणे. हे काम गावच्या भोयांचं. भात कापणीला आलेलं असो की घरात बाळंतीण असो, बोलावणं आलं की निघायचं.

गोमाजी भोई याच कामात वाढला. त्याचा आजा फिरंग्यांच्या धोंड्यापायी लंगडा झाला. बाप हबशांचा चढवून आला, तो अंथरुणाला खिळला. पेशव्यांचा धोंडा गोमाजीने स्वतः वाहिला. तेव्हा दोर तुटला आणि त्याचा धाकटा भाऊ रामा या वळणावर चिरडला. बाकीच्यांनी प्रेत बाजूला ठेवलं, दोर पुन्हा बांधला आणि धोंडा वर पोचवला. मग तोफ झाली. ती कोणाच्या नावाने झाली, हे गोमाजीला ऐकावंसंही वाटलं नाही.

तो म्हातारा झाला, तेव्हा टोपीकर आले. जुना धोंडा खाडीत गेला, नवा दोरांत बांधला. भोई निघाले. या वळणावर आल्यावर गोमाजीने खांदा काढून घेतला. त्याला बघून बाकीच्यांनीही धोंडा खाली टेकवला. टोपीकरांच्या अंमलदाराने दुभाष्याकडून विचारलं, काय झालं?

गोमाजी शांतपणे म्हणाला, "साहेबांना सांगा, इथंच राहू दे. उद्या दुसरे कोणी येतील, ते आम्हालाच खाली न्यायला लावतील. तेवढीच अर्धी वाट वाचेल."

अंमलदाराने त्याला फटके मारवले. गोमाजी धोंड्याला पाठ टेकून बसला, तो उठला नाही. मग पलीकडच्या गावचे भोई आणवले. त्यांनी वर पाहिलं, गोमाजीकडे पाहिलं आणि तेही खाली बसले. शेवटी अंमलदार एकटाच उरलेली चढण चढून गेला. धापा टाकत परत आला. मग धोंडा राहू द्या म्हणाला आणि घोड्यावर बसून निघून गेला.

भोयांनी दोर गुंडाळले. रामाची बायको साळू पेज घेऊन वर आली होती. कोणीतरी गोमाजीला हाक मारली, मग दुसऱ्याने खांद्याला हात लावला. मान एका बाजूला कलली. साळूने पेजेचं मडकं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ बसली.

"उठवू नका," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच भावजी स्वतःच्या मनाने बसलेत."

आजही सारवटची माणसं मोळी घेऊन या वाटेने येतात, तेव्हा वळणावर ओझं उतरवून बसतात. कोणी कितीही वेळ बसो, तिथे बसलेल्याला 'चल, ऊठ' असं कोणी म्हणत नाही. सोबतचे थांबतात. तो आपणहून उठला, की निघतात.